विमान अडखळतंय? ग्राफिक कार्ड घेण्याआधी हे तपासा, आणि स्टिक बनवा घरच्या घरी

शहरातल्या ऑफिसांमधून निघालेले जुने कॉम्प्युटर आता तालुक्याच्या बाजारात सहज मिळतात. शाळा ऑनलाइन झाल्या तेव्हा घेतलेले लॅपटॉपही बऱ्याच घरांत पडून आहेत. गावातली पोरं त्यावर फ्लाइट सिम्युलेटर टाकतात. फ्लाइट सिम्युलेटर म्हणजे खऱ्या विमानासारखं वागणारं, कॉम्प्युटरवर चालणारं विमान. धावपट्टी दिसते, इंजिन सुरू होतं, विमान वर जातं आणि तिथून पुढं चित्र झटके खायला लागतं. उतरताना तर विमान हमखास आपटतं.

दुकानात विचारलं की उत्तर ठरलेलं: "ग्राफिक कार्ड टाका, चांगली ज्यॉयस्टिक घ्या." दोन्हीचे पैसे जोडले की जुन्या कॉम्प्युटरच्या किमतीपेक्षा जास्त होतात आणि घरात विषय तिथंच संपतो. काही जण उसनवारी करून कार्ड आणतात, आणि मग कळतं की ते डब्यात बसतच नाही.

शेतात पाणी कमी येऊ लागलं म्हणून कोणी लगेच मोठी मोटर आणत नाही. आधी विहिरीत पाणी किती आहे ते बघतात. फूटव्हॉल्व्हला कचरा अडकलाय का, पाइप कुठं गळतोय का, व्होल्टेज पुरतंय का हे तपासतात. कॉम्प्युटरचंही तसंच आहे. अडचण नेमकी कुठं आहे ते शोधायला एक रुपया लागत नाही. आणि विमान चालवायची स्टिक, पायातले पेडल हे तर पाइप, फळी, बिजागरी आणि रेडिओच्या दुकानात मिळणाऱ्या सुट्या भागांतून घरी बनतं.

कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं?

फ्लाइटगिअर हे सॉफ्टवेअर पूर्ण मोफत आहे. जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून १९९० च्या दशकापासून ते वाढवलं आहे. विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं. सेस्ना १७२ हे चार जणांचं छोटं विमान त्यात सोबतच मिळतं. पायलट प्रशिक्षणासाठी जगभर हेच विमान मोठ्या प्रमाणात वापरलं जातं, त्यामुळे शिकायला ते बरं. जमिनीचं चित्र ते इंटरनेटवरून उतरवून घेतं, पण एकदा उतरलेला भाग कॉम्प्युटरवर राहतो. रोजच्या दीड-दोन जीबी डेटावर ज्यांचं चालतं, त्यांच्यासाठी हे महत्त्वाचं. वायफाय असेल तिथं एकदा आपला परिसर उतरवून घ्यायचा, मग घरी डेटा फारसा लागत नाही.

गुगल अर्थ प्रो या मोफत प्रोग्रॅममध्येही टूल्स मेनूत एक साधा फ्लाइट सिम्युलेटर आहे. त्यात एफ-१६ आणि एसआर२२ अशी दोनच विमानं आहेत, पण आपल्याच गावावरून, आपल्याच धरणावरून उडता येतं. जुन्या कॉम्प्युटरवर सुरुवात करायला हे ठीक.

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर देखणं आहे, पण भारी आहे. त्याच्या २०२० च्या आवृत्तीसाठी कंपनीनेच कमीत कमी ८ जीबी रॅम, १५० जीबी जागा आणि २ जीबीचं वेगळं ग्राफिक कार्ड सांगितलं आहे. शिवाय उडत असताना ते जमिनीचं चित्र सतत इंटरनेटवरून ओढतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ते चालवलं तर दिवसाचा डेटा कधी संपला ते कळत नाही. चोरीची कॉपी टाकून ते चालवण्याच्या भानगडीत पडू नये. त्यातून व्हायरस येतो आणि त्याच कॉम्प्युटरवर घरातल्यांची बँकेची कामं होत असतात.

झटक्यांनी एवढं काय बिघडतं?

कॉम्प्युटर दर सेकंदाला अनेक चित्रं काढून दाखवतो. एका चित्राला फ्रेम म्हणतात. सेकंदाला ३० फ्रेम आल्या की डोळ्याला हालचाल सलग वाटते.

आता हिशोब बघा. सेस्ना १७२ उतरताना साधारण ६५ नॉटने येतं, म्हणजे ताशी १२० किलोमीटर, म्हणजेच सेकंदाला ३३ मीटर. सेकंदाला ३० फ्रेम असतील तर दोन चित्रांच्या मध्ये विमान जवळपास १ मीटर पुढं सरकतं. फ्रेम १० वर आल्या तर ३ मीटरपेक्षा जास्त. आणि चित्र अर्धा सेकंद अडकलं तर विमान १६ मीटर पुढं गेलेलं असतं आणि चालवणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो.

स्टिअरिंगला खूप प्ले असलेला ट्रॅक्टर चालवून बघितलेल्यांना हे लगेच समजेल. स्टिअरिंग वळवलं तरी काही होत नाही, म्हणून आणखी वळवलं जातं, मग ट्रॅक्टर एकदम जास्त वळतो, मग उलटीकडं ओढायचं. विमानही असंच वर-खाली हेलकावे खातं आणि आपटतं. पोराला वाटतं आपल्याला जमत नाही. खरं तर चित्र उशिरा येतंय.

म्हणून एक गोष्ट ध्यानात ठेवायची: मधेच ६० आणि मधेच १५ फ्रेम येण्यापेक्षा सलग ३० फ्रेम येणं केव्हाही चांगलं. ढग थोडे कमी सुंदर दिसले तरी चालतील.

अडलंय कुठं? पाच मिनिटांची परीक्षा

सिम्युलेटरमध्ये मुख्य कामं दोघं करतात. प्रोसेसर हिशोब करतो: विमानावर हवेचा जोर किती, इंजिन किती फिरतंय, आजूबाजूला दुसरी विमानं कुठं आहेत. ग्राफिक चिप चित्र रंगवते. दोघांपैकी जो हळू, त्याच्यासाठी दुसऱ्याला थांबावं लागतं.

कोण हळू आहे ते असं ओळखायचं. सिम्युलेटरच्या सेटिंगमध्ये फ्रेम रेट दाखवणारा आकडा चालू करा. एका ठरलेल्या विमानतळावर, एका ठरलेल्या वेळी, निरभ्र हवेत विमान उभं करा आणि आकडा लिहून ठेवा. आता स्क्रीनचं रेझोल्यूशन कमी करा. म्हणजे १९२० बाय १०८० असेल तर १२८० बाय ७२० करा, आणि आकडा पुन्हा बघा.

आकडा चांगला वाढला तर ग्राफिक चिप दमलेली होती, चित्र हलकं झाल्यावर तिला जमलं. आकडा जवळपास तेवढाच राहिला तर प्रोसेसर दमलेला आहे. अशा कॉम्प्युटरला नवं ग्राफिक कार्ड लावलं तरी विमान तसंच अडखळणार, पैसे पाण्यात जाणार.

मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये डेव्हलपर मोड चालू केला की फ्रेमच्या आकड्यासोबत कोणामुळे अडलंय तेही लिहून येतं. तिथं मेन थ्रेड दिसलं तर प्रोसेसर, जीपीयू दिसलं तर ग्राफिक.

तिसरी शक्यता मेमरीची. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. सिम्युलेटर चालू असताना मेमरी ९० टक्क्यांच्या वर आणि डिस्क सतत १०० टक्के दिसत असेल, तर रॅम पुरत नाही आणि कॉम्प्युटर हार्डडिस्कवरून काम भागवतोय.

चौथी शक्यता उष्णतेची. पहिली दहा मिनिटं सगळं छान चालतं, मग हळूहळू फ्रेम पडत जातात, पंखा ओरडायला लागतो. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी तो मुद्दाम वेग कमी करतो. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत हे हमखास होतं.

बिनपैशाचे उपाय

एका वेळी एकच बदल करायचा आणि आकडा लिहून ठेवायचा. चार सेटिंग एकदम बदलल्या की कशाने फरक पडला ते कळत नाही. दोन खतं आणि तीन औषधं एकाच दिवशी दिल्यावर पीक कशाने सुधारलं ते सांगता येत नाही, तसंच.

प्रोसेसर दमत असेल तर आजूबाजूची विमानं आणि रस्त्यावरची वाहनं बंद करा. झाडं आणि इमारतींची दाटी कमी करा. किती लांबपर्यंतचं तपशीलवार दिसावं हे अंतर कमी करा. मुंबईसारख्या मोठ्या विमानतळाऐवजी छोट्या धावपट्टीवरून उडा. इमारती कमी म्हणजे हिशोब कमी.

ग्राफिक चिप दमत असेल तर सावल्या आधी कमी करा, मग पाण्यातली प्रतिबिंबं, मग ढग, मग कडा गुळगुळीत करणारी अँटी-अलायसिंग ही सेटिंग. सगळ्यात शेवटी रेझोल्यूशन.

दोन्ही बाबतींत फ्रेमला मर्यादा घाला. फ्लाइटगिअरमध्ये फ्रेम रेट थ्रॉटल नावाची सोय आहे, इतर सिम्युलेटरमध्ये व्ही-सिंक किंवा फ्रेम लिमिट असतं. ते ३० वर बांधलं की कॉम्प्युटर उगाच पळत नाही, कमी तापतो आणि चाल एकसारखी राहते.

सिम्युलेटर सुरू करण्याआधी ब्राउझर बंद करा. विंडोजचं अपडेट चालू असेल तर ते पूर्ण होऊ द्या. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच उडवा आणि पॉवर मोड सगळ्यात वरचा ठेवा. चार्जर मूळचा नसून कमी वॅटचा असेल तर काही लॅपटॉप स्वतःहून वेग कमी करतात. काही लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक चिप असतात, एक साधी आणि एक जोरकस. विंडोजच्या ग्राफिक सेटिंगमध्ये जाऊन सिम्युलेटरला जोरकस चिप नेमून द्यावी लागते. हे न केल्यामुळे चांगले लॅपटॉपही रडत चालतात.

आणि धूळ काढा. कॉम्प्युटर बंद करून, वायर काढून, मऊ ब्रशने पंखा आणि जाळी साफ करा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. हवेच्या जोराने तो वेडावाकडा फिरला तर बेअरिंग जातं. मळणीच्या, कापूस वेचणीच्या दिवसांत घरात येणारी धूळ बघता वर्षातून दोनदा तरी हे करायला हवं.

पैसे घालायचेच असतील तर

रॅम आधी. ४ जीबीवर सिम्युलेटर चालवणं अवघड, ८ हवी. वेगळं ग्राफिक कार्ड नसलेल्या कॉम्प्युटरमध्ये चित्र रंगवायलाही हीच मेमरी वापरली जाते. तिथं ८ जीबीची एक पट्टी लावण्याऐवजी ४-४ जीबीच्या सारख्या दोन पट्ट्या लावल्या तर मेमरीचा रस्ता दुपदरी होतो आणि फ्रेम वाढतात. घेण्याआधी आपल्या कॉम्प्युटरला डीडीआर३ लागते की डीडीआर४ ते बघून घ्या. एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही.

त्यानंतर एसएसडी. तिने फ्रेमचा आकडा फारसा वाढत नाही, पण सिम्युलेटर लवकर उघडतो आणि नवा भाग समोर आला की बसणारे धक्के कमी होतात.

कॉम्प्युटर तापत असेल तर प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदलून घ्या. हे काम स्वस्त आहे आणि जुन्या मशीनला फरक पडतो.

ग्राफिक कार्ड सगळ्यात शेवटी, तेही परीक्षेत ग्राफिक चिपच दमलेली निघाली तरच. ऑफिसमधून आलेले बरेच डेस्कटॉप छोट्या, चपट्या डब्याचे असतात. त्यात पूर्ण उंचीचं कार्ड बसत नाही आणि त्यांचा पॉवर सप्लायही मोठ्या कार्डाला पुरत नाही. कार्ड घेण्याआधी डबा उघडून फोटो काढा, पॉवर सप्लायवर लिहिलेले वॅट वाचा, आणि दुकानदाराला ते दाखवूनच व्यवहार करा.

लाइट जाण्याचा त्रास असलेल्या गावात यूपीएस हा खर्च वायफळ नाही. चालू कॉम्प्युटरची वीज अचानक गेली की डिस्क खराब व्हायचा धोका असतो.

स्टिक घरी बनते, सुरुवातही घरगुतीच होती

कीबोर्डवर विमान नीट चालवता येत नाही. बटण एकतर दाबलेलं असतं किंवा सोडलेलं. विमानाला मात्र थोडंसं, अगदी किंचित असं नियंत्रण लागतं. त्यासाठी स्टिक हवी.

घरी बनवलेली स्टिक म्हणजे काहीतरी कमअस्सल, असं समजायचं कारण नाही. जगातला पहिला यशस्वी सिम्युलेटरच अशा जुगाडातून आला. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक नावाच्या तरुणाच्या वडिलांचा ऑर्गन आणि पियानो बनवायचा कारखाना होता. आपल्या पेटीला असतो तसा हवेचा भाता त्या ऑर्गनमध्ये असतो. लिंकने तेच भाते आणि पंप वापरून १९२९ मध्ये छोट्या विमानासारखा एक खोका तयार केला. आत बसून स्टिक हलवली की भात्यांत हवा भरायची, निघायची आणि खोका तसा झुकायचा. सुरुवातीला त्याला गिऱ्हाईक मिळालं ते करमणुकीच्या बागांचं. १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराच्या विमानांना टपाल वाहून न्यायचं काम मिळालं आणि खराब हवेत अनेक वैमानिक दगावले. तेव्हा लष्कराने लिंककडून ६ खोके विकत घेतले. दुसऱ्या महायुद्धात ५ लाखांहून अधिक जण या खोक्यांवर शिकून तयार झाले.

काय लागतं?

विमानाला चार मुख्य नियंत्रणं लागतात. स्टिक पुढं-मागं केली की नाक खाली-वर होतं. डावी-उजवीकडं केली की पंख कलतात. पायातल्या पेडलने नाक डावी-उजवीकडं वळतं. थ्रॉटलने इंजिनचा जोर कमी-जास्त होतो.

या प्रत्येकासाठी एक पोटेन्शिओमीटर लागतो. नाव मोठं आहे, वस्तू ओळखीची आहे. अॅम्प्लिफायरचा आवाज कमी-जास्त करायला जे गोल बटण फिरवतात, त्याच्या मागं हाच असतो. रेडिओ दुरुस्तीवाले त्याला पॉट किंवा व्हॉल्यूम म्हणतात. १० किलो-ओहमचा, लिनिअर प्रकारचा पॉट मागायचा. आजकाल मिळणाऱ्या बहुतेक पॉटवर बी१०के असं छापलेलं असतं, तो लिनिअर. ए अक्षर असलेले आवाजासाठी असतात, ते सुरुवातीला हळू आणि नंतर एकदम बदलतात. ते घेऊ नयेत. खात्री करायची तर पॉट बरोबर मध्यावर फिरवून मल्टिमीटरने मधला आणि कडेचा पाय मोजा. साधारण ५ किलो-ओहम यायला हवेत.

पॉटचं फिरणं कॉम्प्युटरला कळवायला एक छोटा बोर्ड लागतो. इथं बरेच जण फसतात. बाजारात सगळ्यात जास्त मिळणारा बोर्ड आर्डुइनो उनो किंवा नॅनो. तो कॉम्प्युटरला स्वतःहून ज्यॉयस्टिक म्हणून दिसत नाही. प्रो मायक्रो किंवा लिओनार्डो घ्यायचा. त्यावरची चिप यूएसबीला लावली की ज्यॉयस्टिक म्हणून ओळख देऊ शकते. त्यासाठीची ज्यॉयस्टिक लायब्ररी मोफत मिळते, तिच्यासोबत तयार नमुना प्रोग्रॅमही असतात.

जोडणी सोपी आहे. पॉटला तीन पाय असतात. कडेचे दोन पाय, एक बोर्डाच्या ५ व्होल्टला आणि एक ग्राउंडला. मधला पाय अॅनालॉग पिनला. चार पॉट, चार पिना: ए०, ए१, ए२, ए३. फ्लॅप, चाकं, ब्रेक यासाठी साधी दाबायची बटणं, प्रत्येकाचं एक टोक एका डिजिटल पिनला आणि दुसरं ग्राउंडला. यूएसबीला लावण्याआधी ५ व्होल्ट आणि ग्राउंड एकमेकांना चिकटलेले नाहीत ना, हे मल्टिमीटरने बघायचंच. ते चिकटलेले असले तर कॉम्प्युटरचा यूएसबी पोर्ट जाऊ शकतो.

प्रोग्रॅमच्या वाटेला जायचं नसेल तर आणखी एक रस्ता आहे. घरात पडलेला जुना यूएसबी गेमपॅड उघडा. अंगठ्याने हलवायच्या त्या छोट्या स्टिकखाली असेच बारके पॉट असतात. ते काढून त्याच तीन-तीन जागांवर वायरींनी आपले मोठे पॉट जोडायचे. कॉम्प्युटरला तो गेमपॅडच वाटतो, आणि विमान आपल्या स्टिकवर चालतं.

सांगाडा

स्टिकसाठी एकमेकांना काटकोनात असलेले दोन आस हवेत. ट्रॅक्टरच्या पीटीओ शाफ्टचा क्रॉस डोळ्यासमोर आणा, तीच रचना लहान आकारात. आतल्या चौकटीत स्टिक डावी-उजवीकडं हलते, आणि ती चौकट बाहेरच्या डब्यात पुढं-मागं हलते. प्लायवूड, अर्ध्या इंचाचा पीव्हीसी पाइप आणि नटबोल्ट एवढ्यात हे होतं. प्रत्येक आसाच्या टोकाला एक पॉट.

दोन गोष्टी पाळायच्या. पहिली, भार बोल्टने पेलायचा, पॉटने नाही. पॉटचा दांडा नाजूक असतो, त्यावर स्टिक टेकली तर महिन्याभरात तो ढिला होतो. दुसरी, स्टिक शेवटपर्यंत गेली की ती लाकडाच्या अडसराला थांबली पाहिजे, पॉटच्या आतल्या टोकाला नाही. नाहीतर जोशात ओढताना पॉट तुटतो.

स्टिक सोडल्यावर मध्यावर यायला हवी. त्यासाठी चार बाजूंनी सारख्या लांबीच्या सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या किंवा स्प्रिंगा ताणून बांधायच्या.

पेडलसाठी सगळ्यात सोपा प्रकार म्हणजे एक आडवी फळी, मध्यावर एका बोल्टवर फिरणारी. जुन्या विमानांत अशीच आडवी दांडी असायची. उजवा पाय पुढं रेटला की नाक उजवीकडं. बोल्टच्या वर मध्यभागी पॉट, दोन्ही बाजूंना ट्यूबच्या पट्ट्या. खालची फळी इतकी मोठी घ्या की खुर्चीचे पाय तिच्यावर येतील, नाहीतर जोर दिला की सगळं पुढं सरकतं.

थ्रॉटलला स्प्रिंग नको. ठेवला तिथंच राहिला पाहिजे. दांडीच्या दोन्ही बाजूंना वॉशर घालून नट एवढाच आवळायचा की दांडी जराशी जड फिरेल.

थरथर आणि तिचा इलाज

सगळं जोडून झालं आणि विमान आपोआप थरथरतंय, ही पहिली तक्रार असते. त्याचं कारण असं. प्रो मायक्रो बोर्ड पॉटचं पूर्ण फिरणं १,०२४ पायऱ्यांत मोजतो. पॉट फिरतो साधारण २७० अंश. पण स्टिक हलते ५० अंशच. म्हणजे १,०२४ पैकी जेमतेम १९० पायऱ्या वापरात येतात. तेवढ्यात दोन-चार पायऱ्या इकडं-तिकडं झाल्या तरी विमानाला ते जाणवतं.

इलाज तीन. एक, स्टिकच्या आसावर मोठं आणि पॉटवर छोटं दातेरी चाक लावायचं, म्हणजे स्टिक थोडी हलली तरी पॉट जास्त फिरतो. मोडक्या खेळण्यांत आणि जुन्या प्रिंटरमध्ये अशी चाकं भरपूर सापडतात. एकास तीन असं प्रमाण जमलं तर १९० च्या सुमारे ५७० पायऱ्या होतात. दोन, पॉटचा मधला पाय आणि ग्राउंड यांच्यात ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावायचा आणि वायरी आखूड ठेवायच्या. तीन, स्टिकची दोन्ही टोकं आणि मध्य कॉम्प्युटरला नीट दाखवून द्यायचे, त्याला कॅलिब्रेशन म्हणतात. विंडोजमध्ये ही सोय आहे.

काही जण थरथर लपवायला डेडझोन वाढवत नेतात, म्हणजे मध्याजवळची हालचाल कॉम्प्युटरने मोजायचीच नाही. थोडा डेडझोन चालतो. जास्त केला तर स्टिअरिंगचा तोच प्ले परत येतो, आणि उतरताना नेमकी मध्याजवळचीच बारीक हालचाल लागते.

पॉटच्या आत कार्बनचा पट्टा असतो, तो घासतो आणि धुळीने खराब होतो. रोज वापरला तर पॉट अधूनमधून बदलावा लागतो. ज्यांना तो त्रास नको, त्यांच्यासाठी हॉल सेन्सर आहे. त्यात चुंबक फिरतो आणि सेन्सर लांबूनच ते ओळखतो. काही घासत नाही, म्हणून झिजतही नाही. पहिली स्टिक मात्र पॉटवरच बनवावी.

यातून पायलट होतं का?

घरातल्या सिम्युलेटरवरचे तास लायसन्ससाठी धरले जात नाहीत. व्यावसायिक पायलटच्या लायसन्ससाठी डीजीसीएच्या नियमांनुसार २०० तासांचं खरं उड्डाण लागतं, वैद्यकीय तपासणी आणि लेखी परीक्षा वेगळ्या. सिम्युलेटरचे जे तास धरले जातात, ते फक्त डीजीसीएची मान्यता असलेल्या यंत्रावरचे. बारामती, गोंदिया अशा ठिकाणी उड्डाण प्रशिक्षण संस्था आहेत, पण खर्च लाखांत मोजावा लागतो. "घरी सिम्युलेटरवर सराव करा, आम्ही लायसन्स काढून देतो" असं कोणी म्हटलं तर त्याला एक रुपयाही देऊ नये.

फवारणीच्या ड्रोनचंही सांगायला हवं. तिथं रिमोटवर अंगठ्याच्या दोन स्टिक असतात, विमानाची स्टिक आणि पेडल तिथं नाहीत. त्यामुळे विमानाचा सराव ड्रोनला थेट उपयोगी पडत नाही. ड्रोनसाठी वेगळे सिम्युलेटर असतात. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार रिमोट पायलट प्रमाणपत्रासाठी वय १८ ते ६५, दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेतलं प्रशिक्षण लागतं.

मग या उद्योगाचा फायदा काय? वारा आडवा असताना विमान सरळ कसं ठेवायचं, वेग कमी झाला की ते का कोसळतं, हे हाताला कळतं. आणि कॉम्प्युटर उघडणं, मल्टिमीटर वापरणं, सोल्डर करणं, बोर्डात प्रोग्रॅम टाकणं हे सगळं वाटेतच शिकून होतं. मोटरच्या स्टार्टरपासून ठिबकच्या टायमरपर्यंत हीच विद्या लागते. दहावी-बारावीच्या विज्ञानात ओहमचा नियम पाठ करणाऱ्या मुलाने एकदा पॉट जोडला की तो नियम त्याला पाठ करावा लागत नाही.

लक्षण आणि उपाय, थोडक्यात

रेझोल्यूशन कमी केल्यावर फ्रेम वाढल्या: ग्राफिक चिप दमली. सावल्या, प्रतिबिंबं, ढग कमी करा.

रेझोल्यूशन कमी करूनही फ्रेम तेवढ्याच: प्रोसेसर दमला. बाकीची विमानं, इमारती, लांबचं अंतर कमी करा. ग्राफिक कार्ड घेऊ नका.

दहा मिनिटांनी फ्रेम पडतात: कॉम्प्युटर तापतोय. धूळ काढा, पेस्ट बदला.

मधेच धक्के, डिस्क १०० टक्के: रॅम कमी. ती वाढवा.

स्टिक सोडली तरी विमान एका बाजूला जातं: पट्ट्यांचा ताण सारखा करा आणि कॅलिब्रेशन पुन्हा करा.

स्टिक उलटी चालते: पॉटच्या कडेच्या दोन वायरी एकमेकींच्या जागी लावा.

विमान थरथरतं: कपॅसिटर, दातेरी चाक, शेवटी नवा पॉट.

हे सगळं करून आकडा ३० वर स्थिर झाला की निरभ्र हवेत, मोठ्या धावपट्टीवर पहिलं लँडिंग करून बघावं. पुण्याचा संकेत व्हीएपीओ, नागपूरचा व्हीएएनपी. दोन्हीकडं धावपट्टी लांब आहे, चुकायला जागा मिळते.